आठ लाख मशीनला की फाउंड्रीला? शिरोलीतील एका कारखानदाराचा मार्च २०२५

हे प्रकरण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका मशीन शॉपचे आहे. एकल मालकीचा धंदा, चौदा कामगार. आसपासच्या लहान फाउंड्रींकडून, म्हणजे ओतकाम कारखान्यांकडून, कच्चे कास्टिंग विकत घ्यायचे, त्यावर टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करायचे आणि तयार पार्ट मोठ्या कंपन्यांना द्यायचे, असे काम. मालकांच्या पत्नी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत. दोघांची विवरणपत्रे माझ्याकडे असतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत, पण हिशोबाची मांडणी जशी होती तशीच ठेवली आहे. आयकराची कलमे तेव्हाच्या १९६१ च्या कायद्यातली आहेत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मालक आले ते व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग-ड्रिलिंग मशीनचे कोटेशन घेऊनच. किंमत जीएसटी सोडून ३२ लाख. बँक पंचाहत्तर टक्के द्यायला तयार, उरलेले ८ लाख मार्जिन मनी त्यांनी चालू खात्यात बाजूला काढून ठेवले होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता, "साहेब, डीलर म्हणतोय बिल ३१ च्या आत पडलं की घसारा मिळतोय. मग उचलू का मशीन?" घसारा म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणारी वजावट.

दरवर्षी मार्चमध्ये माझ्यासमोर येणाऱ्या दहा कारखानदारांपैकी निदान सात जण असाच प्रश्न विचारतात. काय घेतले म्हणजे कर वाचेल? या प्रकरणात उत्तर खरेदीत नव्हतेच. ते देण्याच्या यादीत पडून होते आणि त्या यादीकडे कोणी पाहिले नव्हते.

आधी परिस्थिती सांगतो. २०२४-२५ ची उलाढाल ३ कोटी ४० लाखांवर जाणार होती. म्हणजे कलम ४४एडीची ठोक नफ्याची सोय (उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरायचा) त्यांना लागू नव्हती, कारण जवळपास सगळी जमा बँकेतून असली तरी तिची मर्यादा ३ कोटींची आहे. हिशोब पुस्तकांवरूनच होणार. फेब्रुवारीअखेरचे टॅली आणि मार्चचा अंदाज धरून घसारा व व्याज वजा जाता नफा १७ लाख २० हजार निघत होता. नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) त्यावर उपकरासह २,१४,२४० रुपये कर. टीडीएस ६२ हजार कापला गेलेला, आगाऊ कर सप्टेंबर व डिसेंबर मिळून ६० हजार भरलेला. बाकी ९२,२४०.

जुनी प्रणाली त्यांच्या कामाची नव्हती. एलआयसीचे ६० हजार सोडले तर दाखवण्यासारखी वजावट नाही. जुन्यात कर ३,२२,९२० होत होता, म्हणजे लाखाहून जास्त. शिवाय धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला या दोन प्रणालींत नोकरदारासारखी दरवर्षी ये-जा करता येत नाही. फॉर्म १०-आयईए भरून जुन्यात गेले आणि पुढे नव्यात परतले, की धंदा चालू असेपर्यंत जुन्याचे दार बंद. डीलरने या बाबतीतही त्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होती : उत्पादन करणाऱ्याला नव्या मशीनवर जादा घसारा मिळतो. ते खरे आहे, पण तो फक्त जुन्या प्रणालीत. तोही हिशोब मी मांडून दाखवला. मशीन मार्चमध्ये चालू झाले असे धरून, नेहमीचा आणि जादा असा दोन्ही घसारा घेतला तरी जुन्यात कर १,४८,२०० येत होता. नव्यात जादा घसारा नसतानाही १,४१,४४०. तो विषय तिथेच संपला.

आता मशीनच. यंत्रसामग्रीला घसारा १५ टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा, म्हणजे साडेसात टक्के. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जे मशीन चालू झाले नाही, त्याला त्या वर्षी निम्माच मिळणार. ३२ लाखांवर साडेसात टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. त्याने कर वाचतो ७२,८०० रुपये. हे सगळे मशीन खरोखर वापरात आले तर. बिलाची तारीख म्हणजे वापर नव्हे. व्हीएमसीला पाया लागतो, लेव्हलिंग लागते आणि या शेडला महावितरणकडून वाढीव वीजभार मंजूर व्हायचा होता. अर्जही अजून दिला नव्हता. ३१ मार्चपर्यंत त्या मशीनवर एक जॉबसुद्धा निघणार नाही, हे मालकांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. उद्या तपासणीत अधिकाऱ्याने वीजबिल आणि इन्स्टॉलेशनचा रिपोर्ट मागितला तर दाखवायचे काय?

मशीन खरोखर मार्चमध्ये चालू होत असेल तर ते मार्चमध्येच घ्यावे, यात वाद नाही. निम्मा का होईना घसारा पदरात पडतो आणि पुढच्या वर्षी उरलेल्या किमतीवर पूर्ण मिळतो. पण ज्याचे फक्त बिल येणार आहे आणि थेट जुलैपर्यंत धूळ खाणार आहे, त्याच्यासाठी बँकेचे व्याज एप्रिलपासून सुरू करण्यात काय हशील?

बाकीच्या सूचना लवकर निकाली निघाल्या. भाच्याने विम्याची लाखाची पॉलिसी समोर ठेवली होती. नव्या प्रणालीत कलम ८०सीची विमा-बचतीवरची वजावट मिळतच नाही, त्यामुळे त्यातून वाचणारा कर शून्य. पत्नीच्या नावे दरमहा ३० हजार पगार टाकायचा विचार होता. त्या अनुदानित शाळेत पूर्णवेळ नोकरीला, सेवानियम आड येतात. शिवाय कलम ६४ प्रमाणे तो पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो, कारण या धंद्याला लागणारी तांत्रिक पात्रता त्यांच्याकडे नाही. आणि एक जण पाच लाखांची 'नुसती बिले' द्यायला तयार होता, दोन टक्के कमिशनवर. त्यावर मी चर्चाच केली नाही. खोट्या नोंदीला कलम २७१एएडी प्रमाणे त्या नोंदीएवढाच दंड आहे, म्हणजे पाच लाखांच्या बिलाला पाच लाख. वर जीएसटीचा खोट्या क्रेडिटचा गुन्हा वेगळा. सव्वा लाख कर वाचवायच्या नादात चौदा कामगारांचा कारखाना पणाला लावायचा? मालक मुळात सरळ माणूस. त्यांनी तो फोन नंबरच काढून टाकला.

मग मी देण्यांची यादी मागितली.

टॅलीमध्ये देणेकऱ्यांच्या खात्यांवर एकूण ३१ लाख दिसत होते. मालकांच्या मते यात विशेष काही नव्हते. शिरोलीत उधारी साठ, सत्तर, नव्वद दिवस चालते. कंपनी आपल्याला नव्वद दिवसांनी देते, आपण फाउंड्रीला नव्वद दिवसांनी देतो, अशी साखळी. पण २०२३-२४ पासून आयकर कायद्यात कलम ४३बी (एच) आले आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला थकले, तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही. प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. मुदत ठरते सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १५ वरून : लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस, करार असेल तर त्यात लिहिलेले दिवस, पण ४५ च्या वर नाही. जीएसटी, बोनस किंवा बँकेचे व्याज यांना विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरण्याची जी सवलत आहे, ती इथे नाही.

मार्च २०२४ मध्ये या कलमाचा फार गाजावाजा झाला होता. त्या धास्तीने यांनी तेव्हा सगळ्यांचे पैसे दिले होते. दुसऱ्या वर्षी चर्चा ओसरली आणि तेही निर्धास्त झाले. कायदा मात्र होता तिथेच होता.

३१ लाखांची यादी घेऊन आम्ही दोघे बसलो आणि एकेक पार्टी वेगळी काढली. हे काम कंटाळवाणे आहे, पण खरे नियोजन याच तीन-चार तासांत झाले. प्रत्येकाकडून उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला, मागवले. पोलाद आणि बेअरिंगचे दोन व्यापारी निघाले, त्यांचे साडेअकरा लाख. त्यांच्याकडे उद्यम नोंदणी होती, पण व्यापारी म्हणून. व्यापाऱ्यांना ती नोंदणी बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती आहे, थकीत देण्याचे हे संरक्षण त्यांना नाही. मोठ्या कंपन्यांच्या टूलिंगचे वगैरे साडेपाच लाख, तेही बाहेर. राहिले १४ लाख. त्यात दोन फाउंड्री, एक हीट ट्रीटमेंटवाला आणि किरकोळ दोघे. सगळे उत्पादन किंवा सेवा देणारे, सगळे सूक्ष्म किंवा लघु. एकाशीही लेखी करार नाही. म्हणजे मुदत सरळ १५ दिवसांची.

त्यातले १५ मार्चनंतर येणाऱ्या मालाचे पैसे ३१ ला थकीत ठरत नाहीत. ते एप्रिलमध्ये पंधरा दिवसांच्या आत दिले की चालते. पण त्याआधीच्या मालाची, जीएसटी वेगळा काढून, ११ लाख ६० हजारांची रक्कम ३१ मार्चला थकली असती तर नामंजूर होणार होती. जीएसटी वेगळा काढायचा तो अशासाठी, की त्याचे क्रेडिट घेतलेले असते, म्हणजे तो आपण भरायच्या जीएसटीतून वळता केलेला असतो, तो खर्चात येतच नाही.

हिशोब कागदावर मांडला तेव्हा मालक गप्प झाले. १७.२० लाखांत ११.६० मिळवले की करपात्र उत्पन्न २८ लाख ८० हजार. कर ५,७६,१६०. म्हणजे ३,६१,९२० रुपये जास्त. त्यासाठी आगाऊ कर भरलेला नसणार, म्हणून एप्रिलपासून दरमहा एक टक्का व्याज वेगळे.

त्यांनी लगेच विचारले, आणि प्रश्न रास्त होता, "पण पुढच्या वर्षी पैसे दिले की मिळतंयच की परत?" मिळते. पण किती? १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने २०२५-२६ साठी नव्या प्रणालीचे टप्पे बदलले होते. ३० टक्के दर १५ लाखांऐवजी २४ लाखांनंतर सुरू होणार आणि १२ लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य. पुढच्या वर्षीचा नफा १८ लाख धरला तर कर १,६६,४०० येतो. त्यातून ११.६० लाख वजा केले की उत्पन्न ६.४० लाखांवर उतरते आणि कर शून्य होतो. म्हणजे यंदा ३,६१,९२० भरायचे आणि पुढच्या वर्षी फार तर १,६६,४०० वाचवायचे. मधले १,९५,५२० कायमचे गेले. एरवी हे कलम फक्त वर्ष पुढे-मागे करते, पैसे बुडवत नाही असे म्हणतात. ज्या मार्चनंतर दर खाली येणार आहेत, त्या मार्चमध्ये ते पैसे बुडवते.

आता ८ लाखांकडे पुन्हा पाहा. मशीनचे मार्जिन म्हणून दिले तर उत्तमात उत्तम स्थितीत ७२,८०० वाचतात, आणि ती स्थिती येणारच नव्हती. तेच ८ लाख थकीत देण्याला लावले आणि वर बँकेच्या कॅश क्रेडिटमधून (उचलीच्या कर्जखात्यातून) थोडे उचलले, तर ३,६१,९२० चा भार टळतो. शिवाय देणे काही नवा खर्च नाही, ते कधीतरी द्यायचेच होते.

एका बिलाने मात्र बराच वेळ खाल्ला. मोठ्या फाउंड्रीचे २६ सप्टेंबर २०२४ चे बिल. त्या लॉटमधल्या काही कास्टिंगना मशीनिंग करताना ब्लो होल, म्हणजे आत हवेच्या पोकळ्या, निघाले होते. मालकांनी फोनवर तक्रार केली, तुकडे बाजूला ठेवले आणि रागाने पूर्ण बिलच रोखून धरले. त्यांच्या मते हा माल त्यांनी 'स्वीकारलेलाच' नव्हता. कायदा तसे मानत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचला त्या दिवशीच स्वीकारला असे धरतात. यांच्याकडे लेखी काही नव्हते, व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटोही नोव्हेंबरमधले. त्याच बिलाला दुसरीही बाजू होती. पुरवठादाराचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेले जीएसटी क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. २६ सप्टेंबरपासून १८० दिवस २५ मार्चला भरत होते.

फाउंड्रीचे मालक वयस्कर. मी मध्ये पडलो नाही, दोघांनी समोरासमोर बसून मिटवावे असे सुचवले. बाद कास्टिंगचे तुकडे टेम्पोत घालून मालक स्वतः घेऊन गेले. "तात्या, हे बघा, कापल्यावर आतून काय निघालं ते," असे म्हणून त्यांच्यासमोर ठेवले. तात्यांनी हातात घेऊन पाहिले आणि त्याच दिवशी १८ हजारांची क्रेडिट नोट दिली, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केली. वरचे सगळे आकडे ही नोट धरूनच आहेत. सहा महिने अडलेला व्यवहार अर्ध्या तासात मोकळा झाला.

पैसे देण्याचा क्रम ठरवताना एक नाव असे होते की ज्याला कायद्याचे संरक्षण आहे की नाही याबद्दल मतभेद होऊ शकतात. पॅटर्न बनवणारा सुतार, ४० हजार थकलेले, उद्यम नोंदणी केलेलीच नाही. करासाठी त्याला आधी देण्याची सक्ती नव्हती. मी त्याचे नाव सगळ्यात वर घातले. ४० हजारांसाठी चार-चार महिने हेलपाटे मारणारा माणूस आणि दोन महिने सहज थांबू शकणारा पोलादाचा व्यापारी, यांत आधी कोणाला द्यायचे हे ठरवायला मला कलम लागत नाही. त्याला नोंदणी करून घ्यायलाही सांगितले. आधार आणि पॅन असले की ती ऑनलाइन होते आणि शुल्क काही नाही.

जीएसटी धरून एकूण साडेतेरा लाखांच्या आसपास द्यायचे होते. ८ लाख हातात. उरलेल्या साडेपाच लाखांसाठी कॅश क्रेडिटमध्ये जागा होती. दीड महिना वापरले तर व्याज सात हजारांच्या घरात. पण मला आणखी एक गोष्ट सुचवायची होती. मालक स्वतःही उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म उद्योजकच. ज्या तीन कंपन्यांना ते माल देतात, त्यांनाही हेच कलम लागू. यांचे पैसे ३१ मार्चला थकले तर त्या कंपन्यांचा खर्च नामंजूर होतो. तरी यांच्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेलाच नव्हता. आम्ही तिन्ही कंपन्यांच्या अकाउंट्स विभागाला साधे, सभ्य पत्र पाठवले : सोबत उद्यम प्रमाणपत्र, इतकी बिले १५ दिवसांवर गेली आहेत, वर्षअखेरीपूर्वी निकाली काढावीत. दोघांनी २५ तारखेपर्यंत पैसे जमा केले. तिसरी, सगळ्यात मोठी, तिने काही बिलांचे दिले आणि काही तशीच ठेवली. तेवढ्या पैशांत कॅश क्रेडिट जवळजवळ वापरावेच लागले नाही.

यांची नेहमीची पद्धत म्हणजे ३१ तारखेला चेक लिहून द्यायचे आणि "दहा तारखेनंतर टाका" म्हणायचे. ती मी या वेळी होऊ दिली नाही. सगळे आरटीजीएसने दिले आणि २७ मार्चच्या आत संपवले. त्या वर्षीचा शेवट तसा अडचणीचा होता. ३० ला रविवार आणि गुढीपाडवा, ३१ ला रमजान ईद. आरटीजीएस चोवीस तास चालत असले तरी शेवटच्या दिवशी खात्यात जमा अडकली, मर्यादा संपली किंवा पार्टीचा आयएफएससी चुकला तर सुट्टीच्या दिवशी विचारायचे कोणाला?

खतावणी चाळताना एक नोंद अशी सापडली की तिला इलाज नव्हता. ऑगस्टमध्ये जुन्या लेथच्या दुरुस्तीचे ४६ हजार एकाच दिवशी रोख दिलेले. कलम ४०ए(३) प्रमाणे एका माणसाला एका दिवशी १० हजारांच्या वर रोख दिले की तो खर्च नामंजूर. माल वाहतुकीसाठी ही मर्यादा ३५ हजार आहे, म्हणून टेम्पोवाल्यांच्या नोंदी वाचल्या. "व्हाउचर पाच करू या की," असे त्यांच्या हिशोबनीसाने सुचवले. सात महिन्यांनंतर तारखा पाडून व्हाउचर करणे म्हणजे खोटा कागद. ते ४६ हजार १७.२० लाखांच्या नफ्यात आधीच मिळवलेले आहेत.

आता मालकांच्या पत्नीकडे, मॅडमकडे येतो. त्यांची गोष्ट लहान आहे, पण मला स्वतःला ती जास्त आवडते, कारण त्यात एक रुपयाही नवा घालावा लागला नाही.

वर्षाचा पगार १० लाख ८० हजार. करप्रणालीबाबत त्यांनी शाळेला काहीच लिहून दिले नव्हते, त्यामुळे क्लार्कने नियमाप्रमाणे नवी प्रणाली धरून ५२,७८० रुपये टीडीएस कापला. स्टाफरूममध्ये तेव्हा सगळीकडे एकच बोलणे होते, "आता बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, काही करायला नको." पण ती सूट १ एप्रिल २०२५ पासूनच्या उत्पन्नाला आहे. २०२४-२५ साठी नव्या प्रणालीतली पूर्ण सूट ७ लाखांच्या करपात्र उत्पन्नापर्यंतच होती.

घर त्यांच्या एकटीच्या नावावर आहे. महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते म्हणून तसे घेतलेले. कर्जाचे व्याज १ लाख ९० हजार. मुद्दल, मुलांची शाळेची फी आणि जुनी एलआयसी मिळून ८०सीचे दीड लाख भरून वर उरत होते. प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, व्याज आणि ८०सी एवढेच धरले तर जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ६,८७,५०० आणि कर ५२,०००. नव्याशी तुलना केली तर ७८० रुपयांचा फरक. एवढ्यासाठी कोण धडपड करील?

पण दोन गोष्टी नुसत्याच पडून होत्या. एक, त्यांची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे निवृत्तिवेतन एनपीएसमध्ये. पगारातून त्यांचा स्वतःचा दहा टक्के वाटा कापला जातो, तो वर्षाला ८० हजारांच्या वर होता. आतापर्यंत तो ८०सीच्या दीड लाखांत कोंबला जायचा आणि वाया जायचा, कारण ती मर्यादा आधीच भरलेली. त्यातले ५० हजार कलम ८०सीसीडी(१बी) खाली वेगळे दाखवता येतात. त्यासाठी नवे पैसे गुंतवायची गरज नाही, स्वतःचाच कापला गेलेला वाटा चालतो. अनेक शिक्षक याच ५० हजारांसाठी मार्चमध्ये कर्ज काढून पैसे भरताना मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी गोष्ट मेडिक्लेमची. कुटुंबाच्या पॉलिसीचा २५,६०० रुपयांचा हप्ता दरवर्षी मालकांच्या खात्यातून जायचा. ते नव्या प्रणालीत, त्यांना आरोग्य विम्याची ८०डीची वजावट नाही. पॉलिसीचे नूतनीकरण २२ मार्चला होते. हप्ता मॅडमच्या पगाराच्या खात्यातून भरला. स्वतः, नवरा आणि मुले यांच्या विम्याची २५ हजारांपर्यंत वजावट त्यांना मिळते, फक्त पैसे रोख भरायचे नाहीत. या दोन्हींनी करपात्र उत्पन्न ६,१२,५०० वर आले आणि कर ३६,४००. विवरणपत्रात जुनी प्रणाली निवडली आणि १६,३८० परत मिळाले. नोकरदाराला अशी निवड विवरणपत्र भरताना करता येते, शाळेने काहीही कापलेले असो. अट एकच, विवरणपत्र मुदतीत जायला हवे. त्या वर्षी जुलैची मुदत सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण आम्ही वाट पाहिली नाही.

२०२५-२६ मध्ये हे गणित राहत नाही. पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत त्यांचा कर शून्यच आहे. मेडिक्लेम कोणाच्याही खात्यातून भरा.

त्यांच्या २०१९ पासूनच्या एसआयपीवर १ लाख १८ हजारांचा दीर्घ मुदतीचा नफा दिसत होता. इक्विटी फंडावर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त आहे, म्हणून ती युनिट विकून पुन्हा घेतली, की खरेदीची किंमत वर येते आणि पुढे कधीतरी लागणारा १५,३४० रुपयांचा कर टळतो. वर्षाच्या आतले हप्ते वगळले, कारण ते अल्प मुदतीत जातात. ईदमुळे शेअर बाजार ३१ ला बंद होता, शेवटचा व्यवहाराचा दिवस शुक्रवार २८ मार्च. १८ तारखेलाच विकून टाकले.

मालकांचा आगाऊ कर, ९२,२४०, होळीच्या दिवशी, १३ तारखेला भरला. १४ ला धुळवड, १५ ला मुदत संपत होती. आधीचे हप्ते कमी भरल्यामुळे कलम २३४सीचे साडेतीन हजारांच्या आसपास व्याज लागलेच. पोलादाचा व्यापारी मात्र नाराज झाला. त्याला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे मिळाले आणि पुढच्या लोडला त्याने किलोमागे दर वाढवून लावला. देण्याचा क्रम बदलला की कोणाला तरी थांबावे लागते, याची ही किंमत.

वाढीव वीजभार मंजूर झाल्यावर मशीन पावसाच्या आधी बसले आणि ऑगस्ट उजाडायच्या आत त्यावर नियमित काम सुरू झाले. १८० दिवसांहून अधिक वापर होणार, म्हणून २०२५-२६ मध्ये पूर्ण १५ टक्के, ४ लाख ८० हजार घसारा. मार्जिनचे ८ लाख तोवर कंपन्यांच्या जमेतून पुन्हा उभे राहिले होते.

एप्रिलपासून दोन्ही फाउंड्री आणि हीट ट्रीटमेंटवाल्याबरोबर ४५ दिवसांचा लेखी करार केला. पर्चेस ऑर्डरवरच अट छापली आणि दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. मालाच्या तक्रारीसाठी एक छापील चिठ्ठी केली, ती पंधरा दिवसांत मेलनेही जाते. यांच्या प्रत्येक बिलावर आता उद्यम क्रमांक असतो. दर महिन्याच्या ५ तारखेला हिशोबनीस मला फक्त एक यादी पाठवतो, कोणाचे पंधरा किंवा पंचेचाळीस दिवस कधी भरतात त्याची.

राहिला तिसऱ्या कंपनीचा प्रश्न. तिच्या खरेदी विभागाने नव्या वर्षासाठी ९० दिवसांच्या अटीचा करार सहीसाठी पाठवला. लेखी करारातही ४५ च्या पुढचे दिवस कायद्याला मान्य नाहीत. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागायचा यांना हक्क आहे. पण यांची निम्मी उलाढाल त्या एका कंपनीवर आहे. सही करू नका, असे मी सांगितले. "साहेब, काम गेलं तर पोरांना पगार कुठनं देऊ?" असे ते म्हणाले. तो कागद त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, सही न केलेला, आणि माल अजून जातो आहे.